साहेबाचं मृत्युपत्र आणि आपलं पेरेपत्रक

प्रश्न : काकू, सप्रेम नमस्कार. मी मूळचा चिखलदरा तालुक्यातला, सध्या परतवाड्यात राहतो. आमच्या घरचे जुने लोक गाविलगडाच्या बाजूला एका साहेबाच्या कॉफीच्या बागेत कामाला होते. साहेब लंकेतून इकडे आला, असं आबाजी सांगायचे. बाग आता राहिली नाही, जागा नेमकी कोणती हेही सांगता येत नाही. आजीच्या पेटीत एका इंग्रजी मृत्युपत्राच्या नकलेचं एकच पान निघालं. त्यात साहेबाने ‘घर सांभाळणाऱ्या बाई’ला हयातीपर्यंत दरमहा काही रक्कम आणि बागेखालचं दोन एकर वावर दिलं आहे. तिच्यामागे ते वावर ‘तिच्या दोन मुलांना’ जावं, असं लिहिलं आहे. बाईचं नाव आमच्या खापरपणजीचं आहे.

यंदा दिवाळीत मिशनच्या फादरमार्फत मला इंग्लंडच्या एका बाईंचं पत्र आलं. त्या या साहेबाच्या भावाच्या वंशातल्या. घराण्याची वंशावळ करताहेत. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे घराणं आधी जमैकात कॉफीचे मळे करत होतं, तिथून सिलोनला गेलं आणि तिथून एक भाऊ वऱ्हाडात आला. तो बिनलग्नाचा आणि निपुत्रिक वारला, असं त्यांच्या कागदांत आहे. त्यांना काय उत्तर देऊ? शोध घ्यायचा तर सुरुवात कुठून करू? आमच्या घरात या गोष्टीवर कोणी उघड बोलत नाही.
— एक वाचक, परतवाडा

उत्तर : आधी ते पान जपा. लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका. दोन्ही बाजूंचा फोटो काढा आणि पान कोऱ्या कागदात गुंडाळून सपाट ठेवा. लोक पुढची बाजू वाचतात आणि मागची विसरतात. नकलेच्या मागच्या बाजूला, समासात किंवा कोपऱ्यात कोर्टाचा शिक्का, नकल दिल्याची तारीख, कारकुनाची सही, फीचा स्टॅम्प यातलं काहीतरी हमखास असतं. तुमच्या सगळ्या शोधाची पहिली खूण तीच. मुंबई हायकोर्टाचा शिक्का असेल तर वाट मुंबईची, कलकत्त्याचा असेल तर कलकत्त्याची, जिल्ह्याच्या कोर्टाचा असेल तर अमरावतीची.

इतक्या वाटा का, तेही सांगते. वऱ्हाड १८५३ च्या तहाने इंग्रजांच्या कारभारात आलं, पण मालकी निजामाचीच राहिली. त्यामुळे कारभार हैदराबादच्या रेसिडेंटच्या, म्हणजे निजामाच्या दरबारातल्या इंग्रज प्रतिनिधीच्या, हाताखाली चाले. १९०२ मध्ये कायमचा पट्टा झाला आणि १९०३ मध्ये वऱ्हाड मध्यप्रांताच्या कारभाराला जोडलं गेलं. १९५६ मध्ये आपण द्विभाषिक मुंबई राज्यात आलो आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. राज्य बदललं की दप्तरांच्याही वाटण्या होतात. म्हणून वऱ्हाडातल्या एखाद्या साहेबाचा कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात हैदराबाद रेसिडेन्सीच्या फायलींत असू शकतो, नागपूरच्या पुराभिलेखागारात असू शकतो, भोपाळला असू शकतो किंवा लंडनला. एका ठिकाणी ‘नाही’ म्हणाले म्हणजे कागदच नाही, असं समजू नका.

तुमच्या बाजूने एक गोष्ट फार चांगली आहे. गोऱ्या माणसाच्या मृत्युपत्राला कोर्टाचं प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा दाखला, लागायचं, १८६५ च्या वारसा कायद्यापासून तर स्पष्टच. आपल्या भागातल्या हिंदू माणसाच्या मृत्युपत्राला तसं प्रोबेट घ्यावंच लागत नसे. ते घरच्या पेटीत राही आणि बरेचदा तिथेच वाळवीच्या तोंडी जाई. साहेबाचं मात्र कोर्टात जाई, आणि त्याची प्रत लंडनला इंडिया ऑफिसकडे, म्हणजे हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या तिथल्या सरकारी खात्याकडेही जाई. ते दप्तर आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. मृत्युपत्रांच्या मालिकेचा क्रमांक एल/एजी/३४/२९. मृतांच्या मालमत्तेच्या याद्या एल/एजी/३४/२७ मध्ये आहेत. ही दुसरी मालिका विसरू नका. साहेब वारला की घरातल्या खुर्च्या, घोडा, बंदूक, अवजारं यांची यादी व्हायची, लिलाव व्हायचा, आणि पुष्कळ याद्यांत कोणती वस्तू कोणी किती रुपयांना घेतली हेही लिहिलेलं असतं. बागेच्या आजूबाजूला तेव्हा कोण कोण होतं, हे अशा यादीइतकं दुसरा कोणताही कागद सांगत नाही.

इंग्लंडच्या बाईंना तिकडचा भाग सोपा आहे. १२ जानेवारी १८५८ पासून इंग्लंड-वेल्समधली प्रोबेटं सरकारी कोर्टाकडे आली आणि त्यांची वर्षवार छापील यादी निघू लागली. तीत नाव, राहण्याचं ठिकाण, मृत्यूची तारीख, प्रोबेट कोणाला मिळालं आणि मालमत्ता किती, एवढं असतं. त्याआधीची मोठ्या घरांची मृत्युपत्रं कँटरबरीच्या धर्मकोर्टात नोंदली जात. ती आता लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये पीआरओबी ११ या मालिकेत आहेत. घराणं स्कॉटिश असेल तर मात्र तिकडचं दप्तर वेगळं, ते स्कॉटलंडलाच पाहावं लागेल. मळेवाल्यांत स्कॉटिश फार होते.

आता तुमच्या पानातल्या त्या वाक्याकडे वळते, कारण सगळा जीव तिथे आहे. साहेबाने ‘माझ्या मुलांना’ लिहिलं नाही, ‘तिच्या दोन मुलांना’ लिहिलं. हे वाचून तुमच्या घरच्यांना वाईट वाटलं असेल. पण त्या काळचा कायदा समोर ठेवून ते वाक्य वाचा. मृत्युपत्रात नुसतं ‘मूल’ म्हटलं तर त्याचा अर्थ लग्नातून झालेलं मूल असाच कायदा लावायचा. वेगळा हेतू लिहून स्पष्ट केला असेल तरच गोष्ट वेगळी. लग्न न झालेल्या बाईच्या मुलांना काही मिळावं, अशी इच्छा असेल तर त्यांचा उल्लेख वेगळा आणि स्पष्ट करणं भागच होतं, नाहीतर भाऊ-पुतणे येऊन सगळं घेऊन जात. म्हणून ‘तिची दोन मुलं’ असं लिहिणारा माणूस त्यांना झटकत होता की त्यांच्यासाठी तजवीज करत होता, हे एवढ्यावरून ठरत नाही. मृत्युपत्र पूर्ण मिळालं, मुलांची नावं दिसली, मागाहून जोडलेली पुरवणी दिसली की अंदाज घट्ट होईल. आणि हेही तितक्याच स्पष्टपणे सांगते, की घर सांभाळणारी बाई म्हणजे दरवेळी साहेबाच्या मुलांची आईच, असं नसतं. इमानाने नोकरी केलेल्या बाईलाही लोक वावर देत. तुमच्याकडे आज जो पुरावा आहे, तो दोन्ही बाजूंना झुकू शकतो.

तो झुकवायचा तर बाप्तिस्म्याची नोंद शोधा. चर्चच्या नोंदींच्या प्रती तिन्ही इलाख्यांतून लंडनला जात. बंगालची मालिका एन/१, मद्रासची एन/२, मुंबईची एन/३. वऱ्हाडाचा कारभार असा अधांतरी असल्यामुळे तिन्ही पाहा, एकावर थांबू नका. या नोंदी आता फाइंडमायपास्ट या संकेतस्थळावर आहेत. इंग्लंडच्या बाई बहुधा आधीच तिथे जात असतील, त्यांनाच शोधायला सांगा. नोंदीत मुलाचा जन्म आणि बाप्तिस्मा यांच्या तारखा, आईबापाची नावं, बापाचा धंदा आणि ठिकाण असतं. आई इकडची असली की तिच्या नावाचा रकाना कित्येकदा अर्धवट सुटलेला दिसतो. तसं दिसलं तर निराश होऊ नका, तोही पुरावाच आहे. मूल कॅथलिक मिशनमध्ये वाढलं असेल तर त्यांच्या नोंदवह्या वेगळ्या. तुम्हाला पत्र ज्यांच्यामार्फत आलं त्या फादरनाच विचारा.

आता आपल्या बाजूचं दप्तर. इथे माझं सगळं आयुष्य गेलं, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

वऱ्हाडात रयतवारी होती, म्हणजे सरकार जमीन वाहणाऱ्याकडून थेट सारा घेई. पाहणी मुंबई इलाख्याच्या धर्तीवर झाली, प्रत्येक वावराला सर्व्हे नंबर पडला. तुम्हाला आधी मौजा हवा, मग सर्व्हे नंबर. अर्ज करताना एक गोष्ट लक्षात ठेवा. १९०५ पर्यंत एलिचपूर, म्हणजे आपलं अचलपूर, हा वेगळा जिल्हा होता आणि मेळघाट हा त्याचा तालुका. त्या साली तो अमरावती जिल्ह्यात मिळवला. चिखलदरा आणि धारणी असे दोन तालुके हे अलीकडचं. म्हणून ‘चिखलदरा तालुक्याचे १८८० सालचे रेकॉर्ड’ असा अर्ज दिला तर रेकॉर्ड रूममधला माणूस प्रामाणिकपणे ‘आढळत नाही’ लिहून देईल. ‘मौजा अमुक, तालुका मेळघाट, जुना जिल्हा एलिचपूर’ असं लिहा. आकारबंद (प्रत्येक नंबराचं क्षेत्र आणि सारा) आणि टिपण (मोजणीचा कच्चा नकाशा) भूमी अभिलेखच्या उपअधीक्षकांकडे मागा. पेरेपत्रक, हक्कनोंदणी, फेरफार आणि जुने पट्टे तहसीलमध्ये आणि कलेक्टर कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये मागा. अमरावती, अकोल्यासारख्या काही जिल्ह्यांची जुनी कागदपत्रं स्कॅन होऊन सरकारच्या अभिलेखांच्या संकेतस्थळावर आली आहेत, तीही चाळा. पण तिथे नाही म्हणजे कुठेच नाही, असं नाही.

साहेबाच्या नावाने शोधलं तर हाती काही लागणार नाही. पटवाऱ्याने ते नाव कानाला जसं ऐकू आलं तसं मोडीत उतरवलं असणार. जॉन्सनचा जानसन होतो, मॅकडोनाल्डचा म्याकडनल, आणि पुष्कळदा नुसतं ‘साहेब’. त्यापेक्षा पिकाने शोधा. पेरेपत्रकात दरसाल प्रत्येक सर्व्हे नंबरासमोर काय पेरलं, किती क्षेत्रात, आणि कोण वाहतो हे लिहिलं जातं. सगळ्या मेळघाटात कोदो, कुटकी, ज्वारी, हरभरा यांच्या ओळीवर ओळी. त्यात जिथे ‘कॉफी’ किंवा ‘काफी’ आली, तिथे तुमची बाग. महाराष्ट्रात कॉफी होते ती चिखलदऱ्याच्या थंड हवेत, त्यामुळे असे नंबर मोजकेच निघतील. त्या नंबराच्या खालच्या अंगाला दोन एकरांचा तुकडा वेगळा पडलेला दिसतो का, तिथे कोणाचं नाव लागलं आणि कोणत्या साली, ते पाहा. मृत्युपत्रातलं दान प्रत्यक्षात बाईच्या हातात पडलं की नाही, हे लंडनचा एकही कागद सांगणार नाही. ते फक्त इथलं पेरेपत्रक सांगेल.

माझं या बाबतीतलं ठाम मत असं आहे, की मळेवाल्या घराण्याची वंशावळ नुसत्या मृत्युपत्रांवरून केली तर ती अर्धीच होते. मृत्युपत्र म्हणजे मरणाऱ्या माणसाची इच्छा. जमिनीचं दप्तर म्हणजे मागे काय झालं ते. कोणाला द्यायचं ठरलं आणि कोणाच्या नावे लागलं, हे दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय त्या घरात खरोखर कोण कोण होतं, हे कळत नाही.

तुकडा सापडलाच नाही तर दोन शक्यता. बागेची जमीन मालकीची नसून पट्ट्याने घेतलेली असेल आणि मुदत संपल्यावर सरकारजमा झाली असेल. किंवा ती राखीव जंगलात गेली असेल. १९७३ मध्ये व्याघ्रप्रकल्प सुरू झाला तेव्हा देशातल्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होतं, पण जंगल राखीव होण्याचं काम इंग्रजांच्या काळातच झालं होतं. तेव्हाच्या चौकशीत कोणी हक्क सांगितला असेल तर त्याचा कागद वनखात्याकडे असेल.

माणसांसाठी कोतवाल बुक. जातीच्या दाखल्यासाठी आपल्याकडचे लोक ते काढतातच, म्हणून त्याची महती सांगायला नको. गावातला प्रत्येक जन्म आणि मृत्यू कोतवालाने सांगायचा आणि तो वहीत चढायचा. तारीख, नाव, बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी, मरणाचं कारण. खापरपणजीच्या मुलांचे जन्म त्यात मिळाले तर बापाच्या नावाच्या जागी काय लिहिलंय ते पाहा, आणि अक्षर नीट कळलं नाही तर स्वतः अंदाज बांधू नका. मोडी वाचणाऱ्या जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या. जन्म सापडला नाही तर मृत्यू शोधा. माणसं दुसऱ्या गावाहून येतात, पण मरतात बहुतेक राहत्या गावी.

राहिला लंका आणि जमैकाचा भाग. आबाजींची आठवण इतिहासाला धरून आहे. सिलोनात १८६९ मध्ये कॉफीच्या पानांवर तांबेरा पडला आणि पुढच्या काही वर्षांत तिथली कॉफी बुडाली. काही मळेवाले चहाकडे वळले, काही दुसरीकडे गेले. सिलोनच्या मळ्यांची, मालकांची आणि मॅनेजरांची नावं फर्ग्युसनच्या डिरेक्टरीत छापली जात. तिथल्या गोऱ्यांच्या थडग्यांवरच्या लेखांची यादीही १९१३ मध्ये छापलेली आहे. कोणत्या सालापर्यंत हे नाव सिलोनच्या डिरेक्टरीत दिसतं आणि कुठून गायब होतं, ते बाईंना पाहायला सांगा. गायब झाल्याचं साल आणि आपल्या पेरेपत्रकात ‘कॉफी’ पहिल्यांदा दिसण्याचं साल जवळ आलं, तर एक दुवा पक्का झाला.

जमैकाहून सिलोन ही वाटही खोटी नाही. वेस्ट इंडीजमधली कॉफी लावण्याची पद्धत सिलोनात आणली ती रॉबर्ट बॉइड टायटलर या मळेवाल्याने, १८३७ मध्ये. पण जमैकाचे कागद उघडताना मन घट्ट करावं लागतं. तिथल्या मळेवाल्यांच्या मृत्युपत्रांत जमीन, खेचरं, भांडी यांच्याबरोबर माणसांची नावं असतात, कारण ती माणसं मालमत्ता होती. १८३३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला आणि २ कोटी पौंड भरपाई मंजूर केली. ती भरपाई मालकांना दिली, गुलामांना एक छदामही नाही. त्या दाव्यांचं दप्तर आणि गुलामांच्या नोंदवह्या क्यू इथे टी ७१ या मालिकेत आहेत. जमैकाच्या नोंदवह्या १८१७ पासून दर तीन वर्षांनी झाल्या आणि त्यांत माणसांची नावं आणि वयं आहेत. मालकांच्या दाव्यांची सूची लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने संकेतस्थळावर सगळ्यांना मोफत पाहता येईल अशी ठेवली आहे. इंग्लंडच्या बाईंच्या पूर्वजाचं नाव तिथे असेल तर त्यांना ते एका मिनिटात सापडेल. त्यांच्या वंशावळीत ते पानही आलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

त्यांना उत्तर काय द्यायचं? त्या पानाचा फोटो पाठवा आणि साध्या शब्दांत लिहा, की ‘निपुत्रिक’ ही नोंद तपासून पाहावी, आमच्याकडे दोन मुलांचा उल्लेख असलेला कागद आहे. नातं सिद्ध झालं, असं लिहू नका. नातं नाहीच, असंही लिहू नका. पूर्ण मृत्युपत्राची नकल त्या मागवतील, सर्व्हे नंबर आणि कोतवाल बुक तुम्ही शोधा, आणि सापडेल ते एकमेकांना पाठवा. बाई चर्चच्या नोंदीपासून खाली येतील, तुम्ही पेरेपत्रकापासून वर जा. या शोधातून बाग किंवा पैसे परत मिळतील असं सांगणारा कोणी वकील-दलाल भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा. एवढ्या जुन्या गोष्टीवर आज कसलाही दावा उभा राहत नाही.

आणि घरात कोणी बोलत नाही, त्याबद्दल. तुमच्या खापरपणजीने काही चोरलेलं नव्हतं. परक्या माणसाच्या घरात, त्याच्या अटींवर, कोणतीही बाजू घेणारं माणूस जवळ नसताना तिने दोन मुलं वाढवली आणि एक कागद इतका जपला की तो तुमच्या हाती आला. तिला वाचता येत होतं की नाही कोण जाणे, पण त्या पानाची किंमत तिला नक्की कळत होती. आजी हयात असतील तर त्यांच्यासमोर ते पान मराठीत मोठ्याने वाचून दाखवा. न बोललेल्या पुष्कळ गोष्टी त्यानंतर निघतील, आणि त्या वेळी वही-पेन जवळ असू द्या.

प्रश्न : आम्ही आर्वी तालुक्यातले. पणजोबा मालगुजार होते. घराण्याच्या तीन शाखा, पण मधल्या शाखेत एक दत्तक आला असं म्हणतात आणि त्यावरून चुलत्यांत अजून अबोला आहे. पणजोबांचं मृत्युपत्र होतं, ते मिळत नाही. साहेब लोकांची वंशावळ कोर्टातून निघते, तशी आमची कुठून निघेल?
— एक वाचक, जि. वर्धा

उत्तर : तुमचा भाग वऱ्हाडातला नाही, मध्यप्रांतातला, म्हणून दप्तर वेगळं. तुमच्याकडे सर्व्हे नंबर नाही, खसरा नंबर चालतो, आणि गाव म्हणजे सोळा आण्यांचा महाल, म्हणजे पूर्ण गावाची मालकी सोळा आणे धरायची. गावाचा सारा सरकारात भरणारा मालक तो मालगुजार. मृत्युपत्र बाजूला ठेवा आणि आधी बंदोबस्ताची, म्हणजे साऱ्याच्या आकारणीची, मिसल (फाइल) काढा. तीत हिस्सेदारांची नावं आणि प्रत्येकाचा हिस्सा आणे-पैत असतो. ते आकडे वाचायला शिका, वंशावळ आपोआप उलगडते.

सोळा आणे म्हणजे १९२ पै. तीन भाऊ असतील तर प्रत्येकाला ६४ पै, म्हणजे ५ आणे ४ पै. पुढच्या बंदोबस्तात कोणाच्या नावासमोर २ आणे ८ पै दिसले तर तो एका भावाच्या दोन मुलांपैकी एक. एखाद्याच्या नावे एकदम ८ आणे दिसले तर तिसरा भाऊ निपुत्रिक गेला आणि त्याचा हिस्सा राहिलेल्या दोघांत वाटला गेला. आता तुमची मधली शाखा पाहा. दत्तक झाला नसता तर त्या शाखेचे ५ आणे ४ पै इतर दोघांकडे गेले असते. ते तसेच टिकून एका नव्या नावावर चढले असतील, तर दाखल-खारजच्या, म्हणजे नाव चढवण्या-कमी करण्याच्या, प्रकरणात त्या नावाचं कारण लिहिलेलं असणारच: विधवेचं बयान, पंचांचं बयान, हरकत आली असेल तर तीही. चुलत्यांनी तेव्हा हरकत घेतली होती की नाही, हे कळलं तरी निम्मा अबोला सुटेल.

दत्तकाचा स्वतंत्र कागद असेलच असं नाही. नवऱ्याने लेखी अधिकार दिला असेल तर १ जानेवारी १८७२ नंतरच्या अशा अधिकारपत्राची नोंदणी सक्तीची होती, पण आपल्या शास्त्राप्रमाणे विधवेला त्याशिवायही दत्तक घेता येई. मृत्युपत्राची नोंदणी झाली असेल तर ते दुय्यम निबंधक कार्यालयाच्या पुस्तक क्रमांक ३ मध्ये. खरेदीखतं पुस्तक क्रमांक १ मध्ये असतात आणि ती कोणालाही पाहता येतात. पुस्तक ३ चं तसं नाही, पण करणारा वारल्यानंतर त्याची नकल कोणीही अर्ज करून मागू शकतो. म्हणून अर्जाला पणजोबांच्या मृत्यूची नोंद जोडा. कोतवाल बुकाची नकल चालते का, ते तिथल्या बाबूंना आधी विचारा म्हणजे फेरी वाचेल.

आणि शेवटी भरपाईची फाइल. मध्यप्रदेशाच्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, ३१ मार्च १९५१ ला गावं सरकारकडे आली आणि हिस्सेदारांना मोबदला मिळाला. सरकार पैसे देणार म्हटल्यावर एकही वारस घरी बसत नाही. नाशिक-मुंबईला गेलेले, सासरी गेलेल्या, दत्तक गेलेले, सगळे अर्ज करतात, एकमेकांच्या अर्जावर हरकती घेतात आणि नातं सिद्ध करायला कागद जोडतात. तुमच्या घराण्याची सगळ्यात भरलेली वंशावळ त्या फायलीत असेल. तुमचं हरवलेलं मृत्युपत्रही नकलेच्या रूपात तिथे लागलेलं निघालं, तर मला नवल वाटणार नाही.

प्रश्न : आमच्या गावाजवळ झुडपांत दोन-तीन इंग्रजी थडगी आहेत. अक्षरं पुसट झाली आहेत. ती कोणाला कळवावीत? खडूने घासून वाचली तर चालेल का?
— एक वाचक, अचलपूर तालुका

उत्तर : खडू, तेल, रंग, तारेचा ब्रश, काहीही लावू नका. पाण्याने हलक्या हाताने माती काढा आणि सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, ऊन तिरपं असताना फोटो काढा. दुपारी न दिसणारी अक्षरं तेव्हा दिसतात. मध्यप्रांत आणि वऱ्हाडातल्या अशा थडग्यांच्या लेखांची यादी क्रॉफ्टन नावाच्या अधिकाऱ्याने १९३२ मध्ये नागपूरला छापली होती, माणसांच्या थोडक्या माहितीसह. जुन्या ग्रंथालयांत ती मिळते. तुमचं थडगं तीत आहे का ते आधी पाहा, कारण तेव्हा अक्षरं शाबूत होती. परतवाड्याला हैदराबाद कंटिन्जंटची, म्हणजे निजामाच्या खर्चाने ठेवलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या फौजेची, छावणी होती, त्यामुळे फौजी माणसं निघण्याचा संभव जास्त. यादीत नसेल तर फोटो आणि ठिकाण दक्षिण आशियातल्या दफनभूमींचं काम करणाऱ्या बॅक्सा या लंडनच्या संस्थेला पाठवा. मजकूर उतरवताना ओळ जिथे तुटते तिथेच तोडा, गेलेल्या अक्षराच्या जागी टिंब द्या, अंदाजाने अक्षर भरू नका. दगडाच्या तळाशीही पाहा. घडवणाऱ्या कारखान्याचं नाव आणि शहर तिथे कोरलेलं असतं, आणि दगड मुंबईहून आला की कलकत्त्याहून, यावरून त्या घराचे कागद कोणत्या शहरात आधी शोधावेत हे ठरवता येतं.